ती माणसं गोळ्याही घेत होती

अण्णा, तुमच्या फोटोला हार घातला आणि हाराच्या मधोमध मेथी राहून गेली.

चूक माझीच. तेराव्याला ठेवायला फोटो शोधला, तर तुमचा एकही धड फोटो मिळेना. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये तुम्ही पानोपानी आहात, सुमीचे थोरले भाऊ म्हणून असायलाच हवात, पण कॅमेऱ्याकडे बघताना कुठेच नाही. एका फोटोत गुरुजींच्या पोथीत डोकावताय, एकात पंगतीतल्या कुणाच्या तरी पानाकडे संशयानं बघताय. वहिनींबरोबरच्या फोटोत वहिनी हसतायत आणि तुम्ही फोटोग्राफरला काहीतरी समजावून सांगताय. शेवटी मला इंटरनेटवरचं ते पान आठवलं. तिथे तुम्ही सरळ समोर बघताय, थोडे हसतायसुद्धा. मी कोरमंगलातल्या ब्राउझिंग सेंटरमध्ये गेलो, रंगीत कागद छापून घेतला आणि तसाच फ्रेमवाल्याकडे. चष्मा घरी. त्यानं कागदाच्या खालच्या कडेवर बोट ठेवून विचारलं, हे ठेवायचं की कापायचं? मला एक काळी ओळ दिसली. तुमचं नाव आणि पदव्या असणार, दुसरं काय? "सरी, इरली," म्हणालो. राहू दे. बंगलोरात अर्धं आयुष्य काढून मला कानडी येतं ते एवढंच, आणि तेवढ्यानंच घात केला.

ती ओळ पदव्यांची नव्हती. इंग्रजीत लिहिलं होतं, रोज सकाळी भिजवलेली मेथी खा आणि मधुमेहाच्या गोळ्यांना निरोप द्या.

ज्या ओळीशी तुम्ही शेवटचे महिने भांडलात, ती मी तुमच्या गळ्याखाली काचेत बसवून घरी आणली.

रविवारी तुम्ही हेब्बाळहून आमच्या एचएसआर लेआउटच्या घरी यायचात. शहराच्या त्या टोकाहून या टोकाला, बस बदलत. आमच्या आजूबाजूला अजून मोकळे प्लॉटच जास्त. गेटातून आत येता येताच म्हणायचात, "सुमी, तुझ्या नवऱ्यानं रानात घर बांधलंय की गं." मग जेवताना माझ्या गोष्टी सुरू व्हायच्या. आमच्या बाबूकाकाला साप चावला, काकाला काही झालं नाही, साप मात्र मेला, ही आमच्या घराण्यातली सगळ्यात जुनी गोष्ट. बाकीचे ठरलेल्या जागी हसायचे. तुम्ही भात कालवत विचारायचात, "साप आधीपासून आजारी नव्हता कशावरून, श्रीपादराव?"

मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र शिकवलेला माणूस मेहुणा म्हणून मिळाला की गोष्टी सांगणाऱ्याचं काही खरं नाही. मी म्हणालो, सगळे म्हणतात पुण्याची हवा चांगली, की तुमचं ठरलेलं, "सगळे म्हणजे कोण?" मी म्हणालो, अमक्याच्या काढ्यानं तिघांचा दमा गेला, की, "माणसं कोण होती, ओ? आणि ज्यांचा गेला नाही ती कुठं आहेत?" इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात बाबूकाकाची गोष्ट छापून आली तेव्हा मी मोठ्या हौसेनं अंक तुम्हाला दिला. पुढच्या रविवारी तो परत आला. 'साप मेला' या शब्दांवर लाल पेनानं एक रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी तुमच्या अक्षरात, 'साप निघून गेला. पुढचं माहीत नाही.' खाली सही. प्रयोगशाळेतली सवय. चूक झाली तर खोडायची नाही, गिरवायची नाही, एक रेघ मारून शेजारी बरोबर ते लिहायचं आणि त्याखाली आपलं नाव घालायचं. आधी काय चुकलं होतं तेही लोकांना दिसलं पाहिजे, असं तुमचं म्हणणं. मी महिनाभर तो अंक पाहुण्यांना दाखवत होतो. साप वाचला याचा सुमीला फार आनंद झाला होता.

आणि सुमीच्या गळ्याशी गाठ आली तेव्हाची गोष्ट मी कधी कुणाला सांगितलेली नाही, कारण तिच्यात हसण्यासारखं काही नाही. ज्याला त्याला त्या गाठीबद्दल काहीतरी माहीत होतं. कुणी लेप सांगितला, कुणी खडा सांगितला, एकानं तर कुणाच्या तरी मावशीची हकिकत सांगितली जी शेवटाला नेताना त्याचा त्यालाच आवंढा आला. तुम्ही गाठ हातानं बघितलीत आणि म्हणालात, "मला माहीत नाही. ज्याला कळतं त्याच्याकडे उद्या जाऊ." दुसऱ्या दिवशी तुम्ही रिक्षा घेऊन दारात. गाठ साधी निघाली. पण अण्णा, मला धीर आला तो आदल्या दिवशीच, तुमच्या त्या 'माहीत नाही'नं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, धीर मोजला कशानं?

मग मंडळाच्या गणपतीत तुम्हाला निखिल भेटला. पुण्याचा मुलगा, चुणचुणीत, बोलायला गोड. मित्रांबरोबर आरोग्याची वेबसाइट काढली होती. बंगलोरात तेव्हा जो तो काहीतरी डॉट कॉम काढत होता, भाजी आणायला गेलं तरी एखादा भेटायचा. त्यानं वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, आम्हाला क्रेडिबिलिटी हवीय. आमचे आर्टिकल्स तुम्ही रिव्ह्यू कराल का?" तुम्ही खूश झालात. निवृत्तीनंतर माझ्या गोष्टी सोडल्या तर तुम्हाला कुणी तपासायला काही दिलंच नव्हतं.

एकदा मीही तुमच्याबरोबर गेलो, इंदिरानगरला, एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर. टेबलांखाली वायरींचा गुंता, टेबलांवर चहाचे कप. मोडेम किंचाळला की पोरं गप्प बसून तो लागायची वाट बघायची. निखिलनं एक लेख तुमच्यापुढे ठेवला. वाक्यावाक्याच्या खांद्यावर बारीक आकडे आणि खाली त्या आकड्यांचे शोधनिबंध. मला तर नुसतं बघूनच आदर वाटला.

"हा पहिला वाचलास?" तुम्ही विचारलंत.

"सर, ॲब्स्ट्रॅक्ट बघितलाय." म्हणजे सुरुवातीचा चार ओळींचा सारांश, हे मला तुम्ही नंतर सांगितलंत.

"हा दुसरा?"

"त्याचं टायटल एकदम मॅच होतं, सर."

"हा उंदरांवरचा आहे."

"हो, पण रिझल्ट पॉझिटिव्ह आहे ना."

"मग उंदरांसाठी वेबसाइट काढलीय काय तुम्ही?"

पोरं हसली. निखिलही हसला. तुम्ही हसला नाहीत.

"लेख आधी लिहितोस की निबंध आधी वाचतोस?"

"सर, लेख रेडी असतो. मग सपोर्टिंग रेफरन्स शोधतो."

"आणि उलटं सांगणारा सापडला तर?"

निखिलनं जरा विचार केला. "तो मग वापरत नाही, सर."

तुम्ही पेनाला टोपण घातलंत. "आधी वाच, मग आकडा लाव," एवढंच म्हणालात. पोरांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते इंग्रजीत करून, रंगीत अक्षरांत छापून भिंतीवर लावलं. आणि त्या भिंतीखाली बसून पुन्हा आकडे लावायला लागली.

परतीच्या बसमध्ये तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "भाजी झाल्यावर वरून कोथिंबीर टाकतात, तसं चाललंय ओ. आणि लग्नाच्या अल्बममध्ये रुसलेल्या मावशीचा फोटो लावत नाहीत ना, तसे न जुळणारे निबंध लावत नाहीत. बघणाऱ्याला वाटतं, लग्न काय छान झालं."

"मग सोडून द्या," मी म्हणालो.

"मी सोडलं तर वाचणारा कोण राहील तिथं?"

म्हणून तुम्ही राहिलात. एकेक निबंध मिळवायला लायब्ररीत जायचात, रांगेत उभं राहून प्रती काढून आणायचात. मेथीचा लेख आला तेव्हा त्याखालचा निबंधही तुम्ही मुळातून वाचलात, आणि मुख्य गोष्ट तुम्हाला तिथे मिळाली. ज्यांची साखर उतरली होती, ती माणसं डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही घेत होती. मेथी त्यावर जोडीला होती. गोळ्यांना निरोप द्या असं त्यात कुठेही नव्हतं. तुम्ही 'निरोप' या शब्दावर एक रेघ मारलीत आणि शेजारी लिहिलंत, 'ती माणसं गोळ्याही घेत होती.' खाली सही.

लेख साइटवर आला. निरोप होता, तुमची ओळ नव्हती. शेजारी तुमचा हसरा फोटो, आणि खाली, हा मजकूर यांनी तपासला आहे.

त्या रविवारी तुम्ही आमच्याकडे जेवला नाहीत. निखिलचं म्हणणं तुम्ही आम्हाला त्याच्याच शब्दांत सांगितलंत. "सर, पब्लिक स्क्रोल करत नाही. सगळं एका स्क्रीनमध्ये बसायला लागतं. तुमची लाइन खाली जात होती." तुम्ही म्हणालात, वाचणाऱ्याला खाली दिलेल्या निबंधात खरं काय ते सापडेल असं समजू नकोस. त्यावर तो म्हणाला, "सर, युजर रेफरन्स वाचत नाही. रेफरन्स आहे, एवढंच बघतो."

"खोटं नाही बोलला पोरगा," तुम्ही म्हणालात. "वाईट त्याचंच वाटतंय."

मी समजूत घालायला गेलो. म्हणालो, अण्णा, एका ओळीनं काय होतंय? मीही गोष्टीत मीठमसाला घालतोच की. माझा साप मरतो, त्यांची साखर उतरते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही, विद्यार्थ्याकडे बघावं तसं. "तुमचा साप ऐकून कुणी औषध बंद करत नाही, श्रीपादराव. म्हणून तुम्हाला सूट आहे."

या वादावर माझं एक उत्तर तयार होतं. ते द्यायचं द्यायचं म्हणत दोनेक महिने गेले. आणि मग सरोजक्का दवाखान्यात गेली.

तुमच्या हेब्बाळच्या घराला लागून तिचं घर. वहिनी गेल्यापासून तुमचं विरजण, तुमची चावी, गॅस सिलिंडर आला की पावती, सगळं तिच्याकडे. मधुमेह जुना, गोळ्या नेमानं घेणारी बाई. तिच्या मुलानं ऑफिसातून ते मेथीचं पान छापून आणलं, तुमचा फोटो दिसला म्हणून. तिनं ते फ्रिजवर चिकटवलं. गोळ्या बंद केल्या, आणि तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही. साखर उतरली की तुम्हाला चकित करायचं होतं तिला. पायाला साधी ठेच लागली, ती चिघळली. डॉक्टरांना दोन बोटं काढावी लागली.

दवाखान्यात तुम्ही तिला विचारलंत, गोळ्या का सोडल्या? ती गोंधळून म्हणाली, "डॉक्टरे हेळिद्दारे." डॉक्टरांनीच सांगितलंय. कुठल्या डॉक्टरांनी, तर तुम्हीच.

तुम्ही तिला सगळं सांगितलंत. मी असं म्हणालो नव्हतो, माझी ओळ त्यांनी काढली. तिला ते पटलं नाही. तिला वाटलं तिचा पाय बघून तुम्ही आपल्यावर ओढून घेताय. उलट तिनंच तुमची समजूत काढली. तुमचं कसं चुकेल, माझ्याच शरीरात दोष असणार, मेथी मला लागू पडली नाही. सुमी तिथेच होती, तिनं मला घरी येऊन हे सांगितलं. म्हणाली, अण्णाचा चेहरा बघवत नव्हता. ती शिव्या देती तर बरं झालं असतं.

मग तुम्ही इंदिरानगरच्या फेऱ्या घातल्यात. ओळ घाल, नाहीतर माझं नाव काढ. निखिल तुम्हाला खुर्ची द्यायचा, चहा द्यायचा. सरोजक्काचं ऐकून त्याचे डोळे भरले, हे तुम्हीच सांगितलंत. आणि मग म्हणाला, "नेक्स्ट अपडेटमध्ये नक्की टाकतो, सर. नाव काढायला गेलं तर सगळ्या पेजेसवरून जाईल, तुमचा फोटो टेम्प्लेटमध्ये आहे."

"जाऊ दे की सगळीकडून."

"सर, मग साइटवर राहिलं काय?"

तो वाईट मुलगा असता तर मला हे लिहिणं सोपं गेलं असतं. त्याला शिव्या दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. पण तो तुम्हाला जिन्यापर्यंत सोडायला यायचा, रिक्षा थांबवून द्यायचा. फक्त ती ओळ तेवढी घालायचा नाही.

तुमचा शेवटचा रविवार. मला माहीत नव्हतं तो शेवटचा आहे. तुम्ही पानावर गप्प बसला होतात, म्हणून मी बाबूकाकाला बाहेर काढलं. या वेळी साप जास्तच मोठा केला, मुद्दाम, तुम्हाला सोडून कुणाला ते कळणार नाही इतका. साप मेला म्हणालो आणि थांबलो. तुमच्या प्रश्नासाठी जागा ठेवली.

"असेल," तुम्ही म्हणालात.

अण्णा, इतक्या वर्षांत तुम्ही माझी एकही गोष्ट अशी सोडली नव्हती. सुमीनं माझ्याकडे बघितलं. मी ताक मागितलं. तुम्ही कसे गेलात हे लोक मला विचारतात आणि मी हृदयाचं काहीतरी सांगतो, डॉक्टरांनी लिहून दिलंय ते. माझ्या हिशेबी तुम्ही त्या 'असेल'नं गेलात. याला पुरावा काय म्हणाल. काही नाही. गोष्टी सांगणारा माणूस म्हणून लिहितोय.

तुम्ही गेल्याचं कळवलं तेव्हा निखिल फोनवर रडला. दोन दिवसांनी त्यांनी साइटवर तुमच्यासाठी पान केलं. वर काळी पट्टी, मध्ये फोटो, आणि फोटोखाली तुमच्या नावावरचा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख. कुठला ते सांगायला नको. फोटो मी छापला तो त्याच पानावरून. त्याआधी सुमीकडून पानाचं ऐकलं तेव्हा मी निखिलला फोन केला होता. म्हटलं, आता तरी ती ओळ घाल रे बाबा.

तो मग अगदी मनापासून म्हणाला, "काका, आता ते बदलणं बरं दिसेल का? सरांचं ओरिजिनल आहे ते. आता त्याला हात लावणं मला योग्य वाटत नाही."

मी फोन ठेवला. मला बोलण्यात कुणी गप्प करू शकत नाही अशी माझी ख्याती आहे.

तर तेराव्याला हे सगळं असं मांडलेलं. पाट, समई, फोटो, हार. हाराची दोन टोकं दोन बाजूंना आणि मध्ये ती ओळ, वाचायला अगदी सोयीची. सकाळपासून माणसं येत होती, नमस्कार करत होती, कुणी काही बोललं नाही. काहींनी वाचलंही असेल आणि तुमचा शेवटचा संदेश समजून लक्षात ठेवलं असेल. दुपारी सरोजक्का आली, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून, एका पायात वहाण, दुसऱ्यात पट्टी. फुलं वाहायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. मला वाटलं चक्कर आली. ती वाचत होती. वाचून झाल्यावर तिनं त्या ओळीला हात जोडले आणि सुमीला कानडीत म्हणाली, बघ, इथेही लिहिलंय की. तेव्हा कुठे मी चष्मा लावला.

मी फ्रेम उचलायला गेलो. सुमीनं हात धरला. तिनंच ती खाली घेतली, मागचे खिळे सुरीनं वाकवले, कागद बाहेर काढला. तुमच्या सदऱ्याच्या खिशातलं लाल पेन तिनं जपून ठेवलं होतं. ते आणून तिनं त्या ओळीवर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. बेळगावच्या शाळेत शिकलेलं कानडी तिला अजून छान लिहिता येतं. तिनं खाली कानडीत लिहिलं, ती माणसं गोळ्याही घेत होती. आणि त्याखाली तुमची सही नाही केली, स्वतःची केली.

सरोजक्कानं कागद हातात घेतला. सावकाश वाचला. मग विचारलं, हे डॉक्टर म्हणाले होते? सुमी म्हणाली, हो, पहिल्यापासून हेच म्हणत होते. सरोजक्का खाली बसली. बराच वेळ स्वतःच्या पायाकडे बघत राहिली, आणि मग पहिल्यांदा रडली. तुमच्या तोंडून ऐकून जे पटलं नव्हतं, ते कागदावर लिहिलेलं पाहून पटलं. तुम्हाला हे आवडलं असतं की नाही, मला माहीत नाही. आता मीही हे म्हणायला शिकलोय.

सगळे गेल्यावर मी फ्रेम पुन्हा भिंतीशी टेकवून ठेवली. लाल रेघ काचेतून जास्तच लाल दिसत होती. मी सुमीला म्हणालो, उद्या चष्मा लावून जातो, दुसरा कागद छापून खालचं नीट कापून आणतो. निखिल रविवारी नमस्काराला येतो म्हणालाय, त्याच्यापुढे हे असं नको.

सुमी समईची वात सारत होती. तिनं मान वर केली नाही.

"त्याच्यासाठीच राहू दे," ती म्हणाली. "आधी वाच म्हणावं, मग हार घाल."